मुकादमाचं सुतक

तुमचा मुकादम काल दुपारी गेला. मागच्या पडवीत, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही, तेवढ्यात ही दुसरी बातमीही मीच तुम्हाला द्यायची म्हणजे जरा जास्तच झालं. पण दुसरं कोणी तुम्हाला खरं सांगणार नाही, म्हणून मी सांगते. गावात सकाळपासून एकच चाललंय, कुत्रा मालकाच्या मागोमाग गेला, मुकं जनावर पण केवढी माया. बायका येतात, डोळ्याला पदर लावतात, त्याला पुरलं तिथे हात जोडतात. कोणी तर उदबत्ती लावून गेलं. मी दारात उभी राहून प्रत्येकीला सांगते की बाई, तो मागोमाग वगैरे गेला नाही, गोचीड-तापानं गेला. त्यांना ते ऐकायला आवडत नाही.

नवरा गेलेल्या बाईनं एवढं तोंड चालवायचं नसतं, हे मला माहीत आहे. पण तुमच्याशी माझं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि ते मला गप्प बसू देत नाही.

गेल्या दिवाळीपासून जेवण झालं की तुमच्या छातीत जळजळायचं. तळहातानं छाती चोळत तुम्ही कधी वालाच्या उसळीला नाव ठेवायचात, कधी माझ्या फोडणीला. मडक्यात भाजलेल्या शेंगांची पोपटी खाऊन आलात त्या दिवशी तर दरदरून घाम फुटला होता, आणि तुम्ही म्हणालात, शेंगा बाधल्या. मी म्हटलं, पेणला जाऊन एकदा छातीची पट्टी, तो ईसीजी, काढून घेऊ. "तपासलं की निघतं," तुम्ही म्हणालात. "नाय तपासलं की नाय." वर झाकली मूठ सव्वा लाखाची हेही ऐकवलंत. कंपनीत वर्षाची तपासणी लागली की नेमकी तुमची शिफ्ट बदललेली असायची. ती तुम्ही स्वतः मागून बदलून घ्यायचात, हे मला तुमच्या मित्रानं, दत्तूभावजींनी आता सांगितलं. तेव्हा मी चिडून म्हटलं, मग बसा मूठ घेऊन. तुम्ही हसलात आणि मुकादमाला घेऊन वालाच्या शेतावर निघून गेलात. त्यानंतरचं बोलणं मी मनात जुळवून ठेवलं होतं, रविवारी निवांत बसून सुनावणार होते. तो रविवार काही आला नाही.

रोह्याला नेताना गाडीतच तुम्ही गेलात. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास होता का? मी म्हटलं, जळजळ होती. कुणाला दाखवलं होतं का? मी नाही म्हटलं. त्यांनी कागदावर तेवढंच लिहून घेतलं. घरी आणलं तर अंगणात माणसं जमलेली, आणि जो तो म्हणत होता, पुण्यवान माणूस, अंथरुणाला खिळला नाही, कुणाला त्रास दिला नाही, झटकन सुटला. मी ऐकत बसले होते. सुटला म्हणे. मी कुठे तुम्हाला बांधून ठेवलं होतं?

मुकादमानं त्याच दिवशी जेवण सोडलं.

तुम्हीच त्याला आणला होतात, कंपनीच्या गेटवरून, डब्याच्या पिशवीतून. पिशवीतून आधी कान बाहेर आले आणि मग ते एवढंसं तोंड. मी म्हटलं, डब्यात भाजी उरवून आणता ते परवडलं. लावणीच्या दिवसांत तो बांधावर बसून आम्हा बायकांकडे असा बघायचा, की कोणी जरा कंबर सरळ केली तर भुंकायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं. संध्याकाळी तुमची गाडी कासू स्टेशनात लागायच्या आधी हा रेल्वेच्या फाटकाशी जाऊन बसायचा आणि तुम्ही आलात की तुमच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे चालायला लागायचा. तुम्हाला त्याचं केवढं कौतुक. "बघ, हजेरी घेतली माझी," म्हणायचात.

तर त्यानं जेवण सोडलं. घरात तुमच्या नावाचा दिवा लावला होता, त्या दिव्याजवळ तो जाऊन पडला आणि तिथून हलेना. तुमच्या थोरल्या आक्का कोलाडहून आलेल्या होत्याच. त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. "बघा गो," त्या आलेल्या बायकांना म्हणाल्या, "सख्खी मानसा भात खातात, आनि ह्यो सुतक पालतोय." झालं. ते वाक्य वाऱ्यासारखं गेलं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी तुमच्या फोटोला हात जोडायचा आणि मग दिव्याजवळच्या मुकादमाला. त्याच्यापुढे कोणी दूध ठेवलं, कोणी पेढा ठेवला. तो नुसता वास घ्यायचा आणि मान फिरवायचा. लोकांना भरून यायचं. मलाही यायचं. आपली रेखा आठव्या महिन्यात, तिला प्रवास झेपणार नव्हता. घरभर माणसं होती, तरी तुमच्यासाठी माझ्याइतकं बसून राहिलेलं दुसरं कोणीतरी आहे, हे मला बरं वाटत होतं.

मग एका सकाळी त्याला परसात नेलं, तर लघवी काळपट लाल झाली. चहाच्या रंगाची. मी वाकून त्याच्या अंगाला हात लावला आणि चटकाच बसला. नाकाशी रक्ताचा सुकलेला ठिपका होता. तेव्हा मला आठवलं, तुम्ही जायच्या आदल्या दिवशीही त्यानं भाकरी अर्धी टाकली होती आणि तुम्ही म्हणाला होतात, ऊन लागलं असेल.

मी दत्तूभावजींना रिक्षा आणायला सांगितली आणि मुकादमाला गोधडीत गुंडाळलं. दारात आक्का आडव्या आल्या.

"कुठं चाललीस गो?"

"पेणला. याला दाखवायला."

"दहावा नाय झाला अजून. उंबरा वलांडायचा नसतो, हे मी सांगायला हवं काय तुला?"

"आक्का, त्याच्या लघवीतनं रक्त जातंय."

"शोकानं जातं. जनावराचं कालीज ते. सगला गाव बघतोय, सुतक पालतोय त्यो. आनि तू त्याला सुई टोचायला नेतंस?"

"सुतक पाळणाऱ्याला ताप येतो काय?"

"लोका काय म्हनतील, सुनीता?"

"म्हणू देत. लोकांनी तुमच्या भावाला पुण्यवान म्हटलं. त्यानं तो उठून बसला का?"

हे मी बोलले आणि आक्का एकदम खालीच बसल्या. वयानं मोठी बाई, तुम्हाला कडेवर खेळवलेली. मला वाईट वाटलं, पण थांबले नाही. बसल्या त्या पायरीला वळसा घालून मी गेले. रिक्षा गावातून जाताना माणसं ओट्यावर उठून उभी राहिली. दत्तूभावजी आरशातून बघत म्हणाले, "वयनी, पदर नीट घ्या नि समोर बघा. मी हाय." तुमच्या या मित्राला मी आयुष्यभर टवाळखोर म्हणत आले.

पेणच्या त्या दवाखान्यात बाकड्यावर एक माणूस बोकड घेऊन बसला होता आणि एक मुलगी भाजीच्या पिशवीत मांजर घेऊन. माझा नंबर येईस्तोवर मुकादमानं डोळे उघडले नाहीत. डॉक्टरीणबाई तरुण होती, रेखाच्याच वयाची असेल. तिनं त्याचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, पांढऱ्याफटक. कानामागून आणि बोटांच्या फटीतून दोन टपोऱ्या गोचिड्या काढल्या.

"किती दिवस खात नाही?"

"त्याचे मालक गेले तेव्हापासून."

तिचा हात जरा थांबला. मला वाटलं आता हीसुद्धा म्हणणार, केवढी माया. ती म्हणाली, "म्हणजे किती दिवस, काकू?"

एवढ्या माणसांत तेवढं कोणीच विचारलं नव्हतं. मी आठवडा झाला म्हटलं, तेव्हा तो आठवडा मला पहिल्यांदा नीट दिसला.

तिनं रक्त काढलं आणि ते पनवेलला पाठवायचं म्हणाली. गोचीड-ताप असावा, पण नक्की कुठला आणि किडनीपर्यंत गेलाय का, हे कळल्याशिवाय मोठं इंजेक्शन देता येणार नाही. तोवर सलाईन आणि गोळ्या. रिपोर्ट दोन दिवसांनी. "त्याला अंगात आग होत असेल, थंड फरशी शोधत असेल," असंही ती म्हणाली. घरी येऊन मी दिव्याजवळची फरशी बघितली. ती जागा आम्ही सकाळ-संध्याकाळ ओल्या फडक्यानं पुसत होतो. घरात तेवढीच एक फरशी थंड होती. हे मी आक्कांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही, आज तुम्हाला सांगते.

ते दोन दिवस कसे गेले म्हणून विचारा. फोन कमरेला खोचून मी घरभर फिरत होते. कोणी भेटायला आलं की त्यांच्यासमोर बसायचं, डोळे पुसायचे आणि कान फोनकडे. तुमच्यासाठी मी अशी वाट कधी पाहिलीच नाही हो. बायका दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसतात, कागद हातात आला की बोटानं ओळी लावत वाचतात, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघतात. माझ्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही. तुम्ही ते येऊच दिलं नाहीत. रडण्याआधी घाबरायला चार दिवस मिळतात ना माणसाला, तेवढेही नाही.

आणि हेही सांगायला हवं की माझी बोटं दुखली तर तुम्हाला झाकली मूठ कधी आठवली नाही. गणपतीच्या हंगामात कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारून माझी बोटं सोलून निघायची. तुम्ही शिफ्टवरून येऊन, काही न बोलता खोबरेल कोमट करून घ्यायचात आणि एकेक बोट चोळायचात. एकदा मला धुळीनं खोकला धरला, तर दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून छातीचा फोटो काढायला नेलंत आणि तो फोटो उजेडाकडे धरून डॉक्टरांच्या आधी तुम्हीच बघत बसलात. त्यातलं तुम्हाला काय कळत होतं? पण बघत होतात. त्याबद्दल मी कधी काही म्हटलं नाही. नवऱ्याला कोण म्हणतं? आता म्हणते, फार बरं वाटायचं. आणि लगेच रागही येतो, की मला एवढं जपणाऱ्या माणसानं माझा नवरा असा का टाकून दिला.

त्या दोन दिवसांत मी देवाजवळ आजार मागत होते. कुठलातरी आजार निघू दे, म्हणजे औषध निघेल. शोकाला सलाईन लावता येत नाही. पण खरं सांगू? मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात असंही होतं की आजार न निघो. लोक आता जेवताना इकडचं तिकडचं बोलायला लागले होते, क्रिकेटचा स्कोअर विचारत होते, वालाला यंदा भाव काय ते बोलत होते. ते बोलणारच, त्यांचा काय दोष. ताट न शिवता परत पाठवणारे आम्ही दोघंच उरलो होतो. त्याला ताप निघाला असता तर मग मी एकटीच. असले विचार करायचे आणि पुन्हा त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी घालायचं.

रिपोर्टच्या दिवशीच तुमचा दहावा होता. पुरुषमाणसं खाडीकडे गेली. कावळा शिवेना म्हणे. बांधावर दोन कावळे बसून होते आणि पिंडाकडे बघतही नव्हते. आक्कांच्या मुलानं सांगितलं, मामीला अंतर देणार नाही. नाही आला. रेखाचं बाळंतपण नीट करू. नाही आला. शेत पडीक ठेवणार नाही. शेवटी दत्तूभावजी पुढे झाले आणि म्हणाले, "अरे, तुझ्या मुकादमाला बरा करू, आता तरी खा." आणि कावळा आला. सगळे पुरुष रडले म्हणे. मी तिथे नव्हते. ते तुम्ही होतात की भुकेलेला कावळा होता, मला ठाऊक नाही. तुम्हीच असाल तर एक विचारायचं आहे, वचन मागून घ्यायला तुमचं काय जातं? ते पाळायचं होतं आम्ही.

कारण तोवर मला फोन येऊन गेला होता. ताप निघाला. रक्तातल्या पेशी फार उतरल्या होत्या आणि किडनीवर आलं होतं. "आजच घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाली. "चार दिवस आधी..." आणि ते वाक्य तिनं तसंच सोडून दिलं.

मी आक्कांना सांगितलं. त्यांनी मुकादमाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "म्हंजे त्याला माज्या भावाचं दुःख नव्हतं?"

"होतं की. का नसेल? पण आक्का, दुःखानं लघवीतनं रक्त नाय जात."

 दुसऱ्या दिवसापासून पेणला जाताना रिक्षात माझ्या शेजारी आक्का बसायला लागल्या, मांडीवर त्याचे मागचे पाय घेऊन. रोज सलाईन. रोज हिरड्या बघायच्या. मध्ये एक दिवस तर त्यानं चक्क सुकट-भाताचे दोन घास खाल्ले आणि फाटकावर गाडीची शिट्टी झाली तशी मान वर केली. आक्कांनी देवाला नारळ बोलला. मीही त्या दिवशी जेवले, पोटभर जेवले. रेखाला फोन करून सांगितलं. मग दोन दिवसांनी त्याची लघवीच थांबली. डॉक्टरीणबाई म्हणाली, काकू, आता घरीच ठेवा. मी विचारलं, किती? ती म्हणाली, जवळ बसा.

जवळ बसले. पडवीत ऊन उतरेपर्यंत त्याचा श्वास चालला. मी त्याला काही सांगितलं नाही, तुमचं नावही घेतलं नाही. त्याला मी तुमचा निरोप्या करणार नव्हते. तो आपला आपण आजारी होता आणि आपल्या मरणानं मेला, एवढा तरी मान त्याचा राखला.

आणि मग पुन्हा तीच माणसं, तेच कौतुक. मालकाच्या मागोमाग गेला. आता हे गावात असंच सांगत राहणार. आपल्या नातवंडांना सांगतील. मी ओरडून कितीजणांना गप्प करणार? आठ दिवस एक जीव आमच्या डोळ्यांसमोर आतून रक्ताळत होता आणि आम्ही त्याला हात जोडत होतो. तुम्ही दिवाळीपासून छाती चोळत होतात, तेव्हाही आम्ही हेच म्हणायचो, सोशिक माणूस, कधी कुरकुर नाही. मीसुद्धा माहेरी अभिमानानं सांगायचे. त्याच्या आजाराला नाव तरी मिळालं, उशिरा का होईना. तुमच्या जळजळीला मी आता कुठून नाव आणू?

काल संध्याकाळी त्याला पुरून झाल्यावर आम्ही दोघी नळावर हात धूत होतो. तुमचं तेरावं झालं की आक्कांनी परत जायचं ठरलं होतं, पण त्या आज-उद्या करत राहिल्या होत्या. मला वाटत होतं, मुकादमासाठी. पाणी चालू ठेवूनच त्या म्हणाल्या, "सुनीता, तुला एक सांगू? रागावशील."

"सांगा."

"माज्या पन छातीत जलतं गो. गनपतीपासनं. चढनीला लागले की जास्ती. माज्या भावाला फोनवर सांगितलं व्हतं मी. तो म्हनाला, आक्का, ओवा चाव, मी पन तेच करतो."

मी नळ बंद केला. तुम्ही दोघं भावंडं फोनवर एकमेकांना ओवा सांगत होतात, आणि मी इकडे स्वयंपाकात फोडणी कमी करत होते.

"पोराला सांगितलंत?" मी विचारलं.

"नाय. उगाच निघायचं कायतरी." आणि मग माझ्याकडे बघून त्या रडायलाच लागल्या. साठी उलटलेली बाई, हात ओले तसेच तोंडाला लावून. "मला भ्या वाटतं, सुनीता. खरंच निघालं तर?"

मी त्यांना धरून बसवलं. निघालं तर निघालं, असं म्हणायला माझी जीभ वळली नाही, कारण मलाही भीती वाटतेच की. दत्तूभावजींना सकाळी रिक्षा आणायला सांगितली आहे. पेणला जाऊन आधी छातीची पट्टी, मग ते म्हणतील ते. काय येईल मला माहीत नाही. वाट बघावी लागली तर बाकड्यावर दोघी बसू.

तुम्ही फक्त एक करा. आक्का निघताना तुमच्या फोटोसमोर उभ्या राहणार, तुम्हाला विचारल्याशिवाय त्या अजूनही काही करत नाहीत. तेव्हा कृपा करा आणि मधे काही बोलू नका.